नाकाचा रिपोर्ट

"चिंदरकर, नाक काय म्हणतंय?"

सकाळचे सव्वाआठ. फोनवर तिसऱ्या मजल्यावरच्या सर्जरी वॉर्डातले डॉ. ज्युलियन मिनेझिस होते. आवाजावरून त्यांचा चहा अजून झालेला नव्हता.

रामदास चिंदरकरांनी रिसीव्हर कान आणि खांद्यामध्ये धरला. इनक्युबेटरमधून काढलेल्या प्लेटांतली तेरा नंबरची उचलली. मास्क हनुवटीवर ओढला, प्लेटचं झाकण बोटभर तिरकं केलं आणि नाक जवळ नेलं. एक श्वास, मग थांबून आणखी एक. एकतीस वर्षांत या हालचालीला शास्त्रीय गायकाच्या षड्जासारखी शिस्त आली होती.

वास काहीच आला नाही. आज नाही, काल नाही. गेल्या चार वर्षांत एकदाही आला नव्हता.

परळच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात जंतूंची ओळख पटवायला एक मशीन होतं. ते चांगलं होतं, पण उत्तर उद्या द्यायचं. चिंदरकरांचं नाक उत्तर आज द्यायचं. आदल्या दिवशी रुग्णाच्या जखमेतला पू रक्ताच्या प्लेटवर पसरायचा, रात्रभर शरीराइतक्या उबेला ठेवायचा, सकाळी त्यावर जंतूंच्या वसाहती दिसायच्या. आणि त्या वसाहतींना वास असायचा. स्यूडोमोनास म्हणजे द्राक्षं. प्रोटियस म्हणजे वाळत घातलेले बोंबील. स्टॅफ म्हणजे आठवडाभर न धुतलेले मोजे. यीस्ट म्हणजे आंबोळीचं फुगलेलं पीठ. चिंदरकर हुंगायचे, वॉर्डातले डॉक्टर फोनवर ऐकायचे आणि उद्याची वाट न बघता औषध बदलायचे. याला हॉस्पिटलभर 'नाकाचा रिपोर्ट' म्हणत. तो कागदावर कधीच आला नाही, कारण प्लेट हुंगायला सक्त मनाई होती. ते योग्यच होतं. एखादा जंतू नाकात गेला तर तोही आपलं उत्तर देतो, फक्त फोन करत नाही.

एप्रिल एकवीसमध्ये चिंदरकर कोविडनं बारा दिवस पडून होते. तेराव्या दिवशी त्यांच्या बायकोनं, दर्शनावहिनींनी, सुकट भाजली आणि चिंदरकर विचारत होते, आज जेवायला काय आहे. महिन्याभरात येईल म्हणाले डॉक्टर. मग वर्षभरात म्हणाले. मग म्हणायचेच थांबले.

कामावर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नाकाचं काम डोळ्यांवर टाकलं. स्यूडोमोनास बहुधा हिरवट रंग सोडतो. प्रोटियस भरतीच्या पाण्यासारखा लाटालाटांनी प्लेटभर पसरतो. स्टॅफ सोनेरी ठिपके टाकतो. शंभरात पंच्याण्णव वेळा डोळे पुरत. उरलेल्या पाच वेळा "मिश्र दिसतंय डॉक्टर, मशीनवर बघू" असं म्हणायचं. हुंगायचा अभिनय मात्र शंभरही वेळा करायचा.

आजची प्लेट त्या पाचांतली होती. चपट्या, फिकट, राखाडी वसाहती. हिरवं कुठेच नाही.

"मिश्र—"

"मिश्र नको हो चिंदरकर," डॉ. मिनेझिस म्हणाले. "पेशंट डायबेटिक आहे, पाय सुजलाय, ताप एकशेतीन. किडन्या अर्ध्याच चालतायत, त्यामुळे ते भारी औषध उगाच नाही देणार मी. मशीनचं उद्या मलापण कळेल. द्राक्षं आहेत की नाहीत? एवढंच सांगा ना यार."

चिंदरकरांनी पुन्हा प्लेटकडे बघितलं. हिरवं नव्हतं ते नव्हतंच.

"नाहीत."

"डन. आहे तेच चालू ठेवतो. तुमचं नाक आहे म्हणून बरं आहे, साहेब."

फोन ठेवला आणि चिंदरकरांना आठवलं, स्यूडोमोनास 'बहुधा' हिरवा असतो. बहुधा हा शब्द पाठ्यपुस्तकात असतो तेव्हा निरुपद्रवी वाटतो.

त्यांनी वसाहतीचा कण काचपट्टीवर घेतला, रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गुलाबी काड्या. गुलाबी काड्या डझनभर जातींच्या असतात. गिरगावात सहस्रबुद्धे शोधायला निघावं आणि एवढंच कळावं की माणूस चष्मा लावतो. एरवी अशा शंकेचा निकाल दहा सेकंदांत लागतो. कागदाची एक पट्टी येते, तिच्यावर वसाहतीचा ठिपका घासायचा. जांभळी झाली की संशय पक्का. पट्ट्या महिन्यापूर्वी संपल्या होत्या. मागणीपत्रावर पाच सह्या लागत. चार झाल्या होत्या. पाचवे गृहस्थ साठा-व्यवस्थापनाच्या शिबिराला गेले होते.

चिंदरकरांनी हात धुतले. घड्याळ बघितलं. आठ चाळीस. पुन्हा हात धुतले. तेरा नंबरचा कागद काढून वाचला. कुशाबा सावंत, वय चौसष्ट, खाट बारा, डावं पाऊल. कागद ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा काढला; वय तेवढंच होतं.

"सर, काही हरवलंय का?" मनवानं विचारलं. ही नवी टेक्निशियन, वय चोवीस, भोईवाड्याची. मास्क नाकाच्या हाडावर असा चिमटून लावायची की नाक आहे की नाही याची शंका यावी.

"नाही. का?"

"चार वेळा तोच ड्रॉवर उघडलात."

"उघडायलाच असतो ड्रॉवर," चिंदरकर म्हणाले आणि पाचव्यांदा उघडला.

अकरा वाजता त्यांचं व्याख्यान होतं. नर्सिंगच्या नव्या तुकडीला दरवर्षी चिंदरकर जंतू शिकवत. हे काम खरं तर डॉक्टरांचं. पण एका वर्षी डॉक्टर रजेवर होते, चिंदरकरांनी वेळ मारून नेली, मुलींना समजलं, आणि समजणारं व्याख्यान देण्याची शिक्षा त्यांना कायमची झाली.

"रोग देणारे जंतू मुख्यतः चार घराण्यांचे," त्यांनी फळ्याकडे तोंड करून सुरुवात केली. "पहिले बॅक्टेरिया. एका पेशीचा संसार, म्हणजे आपली चाळीतली दहा बाय दहाची खोली. पण भिंत पक्की, चूल स्वतःची. खायला आणि ऊब मिळाली की कित्येक जाती वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. गोल असतात, काडीसारखे असतात, वळसेवाले असतात. रंग लावला की काही जांभळे, काही गुलाबी. ते भिंतीच्या बांधणीवर. आणि सगळे वाईट नसतात. तुमच्या पोटात आत्ता कोट्यवधी राहतायत, गुपचूप."

मुलींनी पोटावरचे हात काढले.

"दुसरा व्हायरस. सगळ्यांत लहान. साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही, आमच्या प्लेटवर उगवत नाही. याला खोली नाही, चूल नाही, भांडं नाही. खिशात फक्त पाककृतीची चिठ्ठी. तुमच्या पेशीत शिरतो, चिठ्ठी पुढे करतो आणि तुमच्याच चुलीवर, तुमच्याच रॉकेलवर स्वतःसारखे हजार शिजवून घेतो. अँटिबायोटिक बॅक्टेरियाच्या भिंतीवर, चुलीवर घाव घालतं. याच्याकडे दोन्ही नाहीत, तर घाव घालणार कशावर? म्हणून साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागणारा पेशंट आला की त्याला प्रेमानं घरी पाठवायचा."

एरवी इथे हशा यायचा आणि चिंदरकर थांबायचे. आज हशा आला तोवर ते बुरशीवर पोचले होते.

"बुरशी. हिची पेशी बरीचशी आपल्यासारखी, त्यामुळे तिला मारणारं औषध आपल्यालाही थोडं लागतंच. सावकाश येते, ओल बघून येते, पुनर्विकासवाल्यासारखी. आधी कोपऱ्यात एक टेबल टाकते. तुमची प्रतिकारशक्ती गाफील राहिली की मग अख्खी इमारत तिची. चौथे प्रोटोझोआ. एकपेशीच, पण वागणं प्राण्याचं. मलेरियावाल्याची बिऱ्हाडं दोन, एक डासात, एक आपल्या रक्तात. आणि हा अमिबा," त्यांनी खडू टेकवला, "याला पाहिजे तिथे पाय फुटतो—"

"सर," मागच्या बाकावरची श्रेया नावाची मुलगी उभी राहिली. "सिस्टर म्हणाल्या तुम्ही वासावरून जंतू ओळखता. मग व्हायरसचा वास कसा असतो?"

खडू फळ्यावरच राहिला.

"व्हायरसला वास नसतो," चिंदरकर म्हणाले.

"म्हणजे तो आलेला तुम्हालापण कळणार नाही?"

मुलगी हसत नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. चिंदरकरांनी घड्याळ बघितलं. अकरा बत्तीस. सकाळच्या 'नाहीत'ला तीन तास सतरा मिनिटं झाली होती. वीस-वीस मिनिटांनी एकाचे दोन धरले तर ते नऊ वेळा दुप्पट होऊन गेले होते. हिशेब शरीरात इतका सरळ चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते मनात आकडा करत गेले. एकाचे पाचशे बारा.

"दहा मिनिटांत आलो," असं म्हणून ते निघाले. अमिबाला एकच पाय फुटलेला होता.

प्रयोगशाळेत मनवा एकटीच होती. चिंदरकरांनी तेरा नंबरची प्लेट तिच्यासमोर ठेवली.

"हुंग."

"काय?"

"झाकण थोडं तिरकं कर आणि वास घे. लांबून. एकदाच."

"सर, एसओपीत लिहिलंय, प्लेट हुंगायची नाही. पान बारा." मनवानं नियमांच्या फायलीकडे बोट केलं. "खाली सही तुमचीच आहे."

सही होतीच. चिंदरकरांनी ती ऑडिटच्या आदल्या दिवशी केली होती, त्यानंतर सात मिनिटांनी एक प्लेट हुंगली होती.

"मी सांगतोय ना."

"तुम्हीच घ्या ना मग. तुमचं नाक तर फेमस आहे. मला कशाला गोत्यात आणताय?"

हे बरोबर होतं. प्रश्न इतका साधा होता की त्याला खोटं उत्तर सापडेना. चिंदरकरांनी तीन-चार शोधून बघितली. सर्दी झालीय म्हणता आलं असतं. मग ती म्हणाली असती, सकाळी फोनवर तर सांगितलंत.

"मला वास येत नाही," ते म्हणाले.

"आज?"

"कोविडपासून."

बाहेर ट्रॉलीचं चाक कुरकुरत गेलं आणि लांब जाईपर्यंत दोघांनीही ते ऐकलं.

"म्हणजे रोज सकाळी तुम्ही..."

"बघून सांगतो. आज बघून कळलं नाही, तरी सांगितलं. माणसाचा पाय आहे."

मनवानं मास्कचा चिमटा सैल केला, डोळे मिटले, झाकण तिरकं केलं. लगेच मान मागे घेतली.

"ईऽ... गोड आहे."

"गोड कसं? नीट सांग."

"माझा मामा दुबईवरून ते जांभळं बबलगम आणायचा ना, तसं. ग्रेपवालं."

चिंदरकर तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे, नाकपुड्यांच्या कडेला, तो वास होता.

त्यांनी फोन उचलला.

"डॉक्टर, तेरा नंबर. खाट बारा. स्यूडोमोनास वाटतोय. सकाळचं मी चुकीचं सांगितलं."

"चुकीचं म्हणजे? आता वास आला?"

"मला नाही आला. मनवाला आला. मला येत नाही."

"काय येत नाही?"

"वास. चार वर्षं झाली."

पलीकडे डॉ. मिनेझिसनी कुणाला तरी मोठ्यानं औषधाचं नाव आणि डोस सांगितला, "लगेच, आत्ता, किडनीचा डोस ॲडजस्ट करून" म्हणाले, आणि फोनवर परत आले.

"चार वर्षं? चिंदरकर, मी इथे येऊनच दीड वर्ष झालंय."

"हो."

"म्हणजे मी एकदापण तुमचं नाक... मी रोज सकाळी कोणाला फोन करत होतो?"

चिंदरकरांनी तेरा नंबरच्या प्लेटचं झाकण नीट बसवलं.

"एकदा सांगायचं ना, साहेब. डोळ्यांनी बघून सांगतोय म्हणाला असता, तरी मी विचारलं असतं. नाक म्हणालात म्हणून मी वाद नाही घातला."

फोन बंद झाला. आपटलाही नाही, नुसताच बंद झाला. आपटला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मशीननं उत्तर दिलं: स्यूडोमोनास. हिरवा रंग न सोडणारा. चिंदरकर स्वतःच विभागप्रमुख मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. मॅडमनी दोन तास नियमांची फाईल चाळली. अडचण अशी होती, की प्लेट हुंगायला मनाई होती. जे करायचंच नाही ते नीट केलं नाही, याबद्दल माणसावर कोणत्या कलमाखाली कारवाई करायची हे फाईल लिहिणाऱ्याला सुचलेलं नव्हतं. शेवटी एक परिपत्रक निघालं: प्लेट हुंगायला मनाई आहे. त्यावर सर्वांनी सह्या केल्या, चिंदरकरांचीही झाली. त्यांच्याकडे आता रिकाम्या प्लेटांत जंतूंचं खाद्य ओतण्याचं काम आलं. पट्ट्यांच्या मागणीपत्रावरची पाचवी सही त्याच दुपारी मिळाली.

त्याच्या पुढच्या सकाळी सव्वाआठला फोन वाजला नाही. चिंदरकर आठ दहापासून त्याच्याजवळ काहीतरी पुसत उभे होते. आठ वीसला त्यांनी पुसणं थांबवलं.

घरी, लालबागच्या चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावर, त्यांनी दर्शनावहिनींना सांगितलं की आता ऑफिसात कळलंय.

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "सुटलास."

"तुला वाटतं सुटलो?"

"मला काय वाटायचं? परवा दूध उतू जाऊन करपलं, तू स्टुलावर बसून पेपर वाचत होतास. मी काय बोलले? काही नाही. कोणी आलं की जेवताना मुद्दाम म्हणतोस, वा, काय घमघमाट. त्या दिवशी नुसता वरणभात होता रे." त्यांनी ताट पुढे सरकवलं. "त्या माणसाचं काय झालं?"

"माहीत नाही."

"मग जाऊन बघ की. इथे फेऱ्या मारून माझी फरशी झिजवू नकोस."

चौथ्या दिवशी संध्याकाळी, भेटीच्या वेळेत, चिंदरकर तिसऱ्या मजल्यावर गेले. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो रुग्णांचा पू पाहिला होता. रुग्ण बघायची वेळ क्वचितच आली होती. जिन्यात डॉ. मिनेझिस भेटले. ताप उतरला म्हणाले. दोन बोटं काढावी लागली, पाय राहिला. मग जिना उतरता उतरता थांबून म्हणाले, "बोटं तशीही गेलीच असती, चिंदरकर." हे खरं होतं की माणुसकी, हे तपासायची पट्टी अजून कुठल्या कंपनीनं काढलेली नाही.

खाट बारा खिडकीजवळ होती. कुशाबा सावंत उशीला टेकून बसले होते. खांद्यानं रुंद, चेहऱ्यानं ओढलेले. सून दारापाशी उभी होती, ओढणीचं टोक नाकावर धरून; चिंदरकर आत शिरले तशी ती "चहा घेऊन येते" म्हणून निघून गेली. खाटेजवळचं स्टूल भिंतीपर्यंत मागे सरकवलेलं होतं. डावा पाय चादरीखाली होता आणि चादर दोन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेली होती.

चिंदरकरांनी स्टूल खाटेला लागेल इतकं पुढे ओढलं आणि बसले.

"मी खाली लॅबमध्ये असतो. चिंदरकर."

"चिंदरचे? आमचो गाव पोईप, थयच बाजूक." कुशाबांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी हातानं स्टूल मागे घ्यायची खूण केली. "पण जरा लांब बसा. पायाक वास मारता."

"नाही."

"खोटा बोलतास. माका कळता ना. चाळीस वर्सां लालबागात मसालो भाजलंय मी. धणे झाले की नाय, ता बघूक कधी कढईत वाकूक लागाक नाय माका. पाय भाजलो तेवापण दुखलाच नाय, साखरेन. जळल्याचो वास इलो. माका वाटला मिरची लागली." ते थांबले. "सून बाहेर कित्याक उभी रवता, ता काय माका समजणा नाय? ती काय वाईट नाय. पोर आसा."

"मला खरंच येत नाही," चिंदरकर म्हणाले. "कुठलाच नाही. कोविडमध्ये गेला." आणि मग, जे बोलायला आले होते ते त्यांनी एका दमात बोलून टाकलं: पायातल्या पुवाची प्लेट, सकाळचा फोन, हुंगल्याचं नाटक, 'नाहीत', गेलेले साडेतीन तास. "तुमच्या बोटांचं... डॉक्टर म्हणतात तशीही गेली असती. मला नक्की माहीत नाही."

पलीकडच्या खाटेवरचा माणूस मोबाईलवर भजन ऐकत होता, ते संपून जाहिरात लागली.

"नाक गेल्यावरपण कामार जाई होतास?"

"हो."

"आणि कोणाक सांगूक नाय."

"नाही."

कुशाबांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. तिखटानं कायमची लालसर झालेली नखं होती.

"मी पण गेलो असतंय," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "मगे जेवतास कसे?"

"सवयीनं."

"हं." ते किंचित हसले, किंवा तसं वाटलं.

सून चहा घेऊन आली आणि दारापाशीच थबकली. कुशाबांनी तिच्याकडे बघितलं, मग स्टुलावर ठाण मांडून बसलेल्या माणसाकडे. मग ते पुढे वाकले, आणि डाव्या बाजूला गादीखाली खोचलेली चादर एकेक वीत करून बाहेर काढू लागले.